एगनॉगमधलं अंडं कच्चं का छापता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर उजाडला की पुरवण्यांमध्ये नाताळची पानं सजू लागतात, आणि प्लम केकच्या शेजारी एगनॉगची चौकट हमखास येते. त्या चौकटीत दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक, 'युरोपातलं प्राचीन नाताळ-पेय' अशी ओळख. दुसरी, तीन ओळींची कृती: सहा अंडी फेटा, थंड दूध आणि रम मिसळा, वरून जायफळ भुरभुरा आणि गार करून द्या. यातली ओळख अर्धवट आहे. कृती मात्र धोक्याची आहे, कारण तीत अंडं कुठेच शिजत नाही. पाककला शिकवणारे आम्ही काही वाचक मिळून हे पत्र लिहीत आहोत. यंदाच्या पुरवणीत ही चौकट द्यायची असेल, तर ती नीट छापली जावी एवढ्यासाठी हे सविस्तर लिहिणं.

एगनॉग म्हणजे दूध, क्रीम, साखर आणि अंड्याचे बलक यांचं पिण्याजोगं पातळ कस्टर्ड. त्यात हवी तर रम, ब्रँडी किंवा व्हिस्की घालतात आणि वर ताजं किसलेलं जायफळ. मद्य ऐच्छिक आहे, अंडं ऐच्छिक नाही. नावातच ते आहे.

नावाचा उरलेला अर्धा भाग, 'नॉग', जास्त रंजक आहे. इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफोकच्या बाजूला सतराव्या शतकाच्या अखेरीस एका कडक बिअरला 'नॉग' म्हणत. 'नॉगिन' म्हणजे लाकडी छोटा पेला, त्यावरून नाव पडलं असंही मानतात. तिसरी उपपत्ती 'एग अँड ग्रॉग'ची. ग्रॉग म्हणजे पाणी घातलेली रम. 1740 मध्ये ॲडमिरल व्हर्नन यांनी इंग्रज नौदलात ती सुरू केली. ही तिसरी उपपत्ती ऐकायला गोड वाटते, पण उच्चारसाम्यावरून मागाहून जुळवल्यासारखी आहे. नॉरफोकची बिअर आम्हाला जास्त पटते, कारण या पेयाचे पूर्वज खरोखरच बिअर आणि वाईनवर बेतलेले होते.

त्या पूर्वजांपैकी मुख्य म्हणजे इंग्लंडमधलं पॉसेट. मध्ययुगापासून हे पेय घराघरांत होतं. कढत दुधात वाईन किंवा एल नावाची बिअर ओतायची आणि दूध मुद्दाम फाटू द्यायचं. श्रीमंताघरी त्यात क्रीम, अंडी, साखर, दालचिनी, जायफळ. थोडा वेळ ठेवलं की वर फेसाळ, दाट थर जमे आणि खाली पातळ मद्य उरे. यासाठी खास भांडी असत: दोन कान, वर झाकण, आणि पोटाच्या खालच्या अंगाला एक चोच. वरचा थर चमच्यानं खायचा आणि तळातलं पेय चोचीतून ओढायचं. आज संग्रहालयात ही भांडी दिसतात तेव्हा पुष्कळांना ती चहाची किटली वाटते. सर्दी-पडशाला, झोप येत नसेल तर, बाळंतिणीला, लग्नाच्या रात्री वधूवरांना, अशा प्रसंगी पॉसेट दिलं जाई. फ्रेंचांचं 'ले द पूल' म्हणजे गरम दुधात फेटलेला बलक आणि साखर. तेही असंच, आजाऱ्याला द्यायचं. आपल्याकडे थंडीत अशक्त माणसाला दुधात अंडं फेटून देतात, त्यामागची समजूत तीच.

पण एगनॉग हे नाव आणि आजचं रूप अमेरिकेतलं. मेरीलँडमधले एक धर्मोपदेशक जोनाथन बाउचर यांच्या 1775 च्या सुमाराच्या एका कवितेत हा शब्द पहिल्यांदा सापडतो, आणि तिथे तो सकाळी घ्यायच्या पेयांत आहे. आयझॅक वेल्ड या आयरिश प्रवाशानं 1799 मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात अमेरिकन प्रवासी पुढच्या टप्प्याला निघण्यापूर्वी रिवाजाप्रमाणे एगनॉग पितात असं लिहिलं आहे, आणि घटकही दिले आहेत: ताजं दूध, अंडी, रम, साखर, सगळं एकत्र फेटलेलं. त्यात नाताळचा उल्लेख नाही. म्हणजे सुरुवातीला हे भल्या सकाळी, थंडीत, घोड्यावर बसण्याआधी घ्यायचं पोटभरीचं पेय होतं. इंग्लंडमध्ये दूध, अंडी आणि आयात मद्य हे सगळं एकत्र परवडणारी घरं थोडी. अमेरिकेच्या शेतवाड्यांवर मात्र गाई होत्या, कोंबड्या होत्या, आणि कॅरिबियन बेटांवरून येणारी रम ब्रँडीहून कितीतरी स्वस्त होती. ती स्वस्ताई कुठून आली हेही लिहायला हवं. ऊस, काकवी आणि रम यांचा तो सारा व्यापार आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या कष्टांवर उभा होता. पुढे इंग्लंडशी युद्ध झालं, रमची आवक घटली, आणि दक्षिणेकडच्या राज्यांत तिच्या जागी मक्याची बर्बन व्हिस्की आली. बर्बन घातलेलं एगनॉग तिथे आजही रूढ आहे.

मग ते सणाचं कसं झालं? याचं उत्तर कोंबडीत आहे. कोंबडीला नियमित अंडी घालायला रोज साधारण चौदा तास उजेड लागतो. व्हर्जिनियात डिसेंबरचा दिवस साडेनऊ तासांचा. विजेचे दिवे नव्हते तेव्हा हिवाळ्यात खुराड्यातली अंडी जवळपास बंद होत, आणि शरद ऋतूत साठवलेली, चुन्याच्या पाण्यात बुडवून ठेवलेली अंडी पुरवून पुरवून वापरावी लागत. गाई वसंतात वीत, त्यामुळे हिवाळ्यात दूधही आटलेलं. अशा दिवसांत डझनभर अंडी, शेरभर क्रीम, बेटांवरची साखर आणि आशियातून आलेलं जायफळ एकाच मोठ्या वाडग्यात घालून दारी येईल त्याला पेला भरून द्यायचा, हे घराच्या सुबत्तेचं आणि मोकळ्या मनाचं दर्शन होतं. नाताळ आणि नववर्षाच्या दिवशी घरोघरी भेटी देण्याची पद्धत होती, आणि बैठकीत मेजावर तो वाडगा मांडलेला असे. आपल्याकडे कोजागरीला आटवलेल्या दुधाचं पातेलं मध्ये ठेवून आल्यागेल्याला पेला देतात, त्याच जातीचा हा आदर. 1862 मध्ये न्यूयॉर्कला छापलेल्या बारच्या पेयांच्या पुस्तकात एगनॉगचे अनेक प्रकार आहेत. त्यांतल्या बाल्टिमोरच्या प्रकारात मदिरा नावाची गोड वाईन पडते.

एगनॉगचं नाव लष्करी इतिहासातही आहे. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत 1826 च्या नाताळच्या आदल्या रात्री एगनॉगसाठी चोरून आणलेल्या व्हिस्कीवरून दंगल झाली, अधिकाऱ्यांवर हल्ले झाले आणि वीस छात्रांवर खटले चालले. पुढे बंडखोर दक्षिणी राज्यांचे अध्यक्ष झालेले जेफर्सन डेव्हिस त्या रात्रीच्या मेजवानीत होते. जॉर्ज वॉशिंग्टन यांची म्हणून एक कृती दरवर्षी फिरते. ती त्यांचीच असल्याचा पुरावा मिळालेला नाही, तेव्हा ती तशी छापू नये.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे पातेल्याकडे.

साल्मोनेला हा जंतू अंड्याच्या कवचावर असू शकतो हे बहुतेकांना ठाऊक असतं, म्हणून 'अंडी स्वच्छ धुऊन घ्या' असं छापलं जातं. पण बाधित कोंबडीच्या अंडाशयातून तो कवच तयार होण्याआधीच आत शिरू शकतो. अशा अंड्याला तडा नसतो, वास नसतो, आणि पाण्यात टाकलं तर ते ताज्या अंड्यासारखं तळालाही बसतं. पाण्यात तरंगण्याची परीक्षा अंड्याचं वय सांगते, जंतू सांगत नाही. आपल्या किराणा दुकानातली अंडी पाश्चराइज केलेलीही नसतात. ताप, पोटात कळा आणि जुलाब बहुधा सहा तासांपासून तीन दिवसांच्या आत सुरू होतात, त्यामुळे दोष सहसा दुसऱ्याच कुठल्या पदार्थावर जातो. लहान मुलं, गरोदर बाया आणि म्हातारी माणसं यांना तो जास्त भोवतो. उपाय एकच आणि सोपा आहे: बलक आणि दुधाचं मिश्रण 71 अंश सेल्सिअसपर्यंत न्यायचं.

कृती अशी. सहा बलक (मध्यम अंड्यांचे, मिळून साधारण 100 ग्रॅम), 100 ग्रॅम साखर, अर्धा लिटर फुल क्रीम दूध, 150 मिलिलिटर क्रीम, चिमूटभर मीठ, पाव छोटा चमचा ताजं किसलेलं जायफळ, आणि हवी असेल तर 90 मिलिलिटर रम किंवा ब्रँडी. एवढ्यात सुमारे 900 मिलिलिटर, म्हणजे लहान पेल्यानं आठ जणांचं होतं.

आधी दूध, क्रीम आणि मीठ जाड बुडाच्या पातेल्यात मंद आंचेवर ठेवावं आणि कडेला बारीक बुडबुडे दिसेपर्यंत तापवावं. उकळी आणायची नाही. ते तापत असतानाच बलक आणि साखर फेटायची. इथे पहिली चूक होते. बलकावर साखर ओतून ती तशीच ठेवली आणि आपण दुसऱ्या कामाला लागलो, तर साखर बलकातलं पाणी ओढून घेते आणि कडक पिवळे कण तयार होतात. ते पुढे कितीही ढवळलं तरी विरघळत नाहीत. म्हणून साखर पडली की लगेच फेटायला लागावं, रंग फिका होऊन मिश्रण रिबिनीसारखं पडेपर्यंत, हाताने दोन-तीन मिनिटं.

दुसरी चूक म्हणजे बलक थेट तापल्या दुधात ओतणं. त्याची भुर्जी होते. उलट करायचं. एका हाताने बलक फेटत राहायचं आणि दुसऱ्या हाताने गरम दूध पळी-पळीनं, बारीक धारेनं त्यात सोडायचं. निम्मं दूध गेलं की बलक कोमट होतात, मग ते सगळं परत पातेल्यात घालायचं आणि आंच अगदी मंद ठेवून लाकडी कालथ्यानं तळ खरवडत ढवळायचं. आकडा आठचा काढावा, म्हणजे मधला भाग आणि कडा दोन्ही सुटत नाहीत. या प्रमाणाला आठ-दहा मिनिटं लागतात.

नुसता बलक 65 अंशांच्या आसपास घट्ट होऊ लागतो आणि 70 ला बसतो. दूध आणि साखरेनं पातळ केलेला बलक मात्र जास्त उष्णता सोसतो. तो 75 ते 80 अंशांत सुरेख दाट होतो आणि 83-85 च्या पुढे फाटतो. म्हणजे आपल्या हातात 71 ते 80 अशी नऊ अंशांची जागा आहे. स्वयंपाकाचा सुईवाला तापमापक असेल तर 76-77 ला गॅस बंद करावा. पातेल्याच्या बुडातली उष्णता अजून एक-दोन अंश चढवते. तापमापक नसेल तर तीन खुणा एकत्र बघाव्यात. पृष्ठभागावरचा पांढरा फेस आपोआप विरतो. वाफ नुसती रेंगाळत नाही, ठळक उठू लागते. आणि कालथा बाहेर काढून त्याच्या पाठीवर बोट ओढलं तर रेघ तशीच राहते, वरचा ओघळ ती पुसत नाही. रेघ मोडत असेल तर अजून एक मिनिट.

आपल्या हाताला दुधाची वेगळी सवय आहे, आणि तीच इथे आड येते. बासुंदी, खीर, मसाला दूध, सगळीकडे उकळी आणून आटवायचं असतं, त्यामुळे 'अजून जरा दाट होऊ दे' म्हणून आंच वाढवली जाते आणि क्षणात दाणे पडतात. ते दूध नासलेलं नसतं. अंड्यातली प्रथिनं एकमेकांना इतकी घट्ट धरतात की मधलं पाणी पिळून बाहेर पडतं. नुकतेच बारीक दाणे दिसू लागले असतील तर पातेलं ताबडतोब थंड पाण्याच्या परातीत उतरवावं, मिक्सरमधून काही सेकंद फिरवून बारीक गाळणीनं गाळावं, ते सावरतं. गोळे होऊन पाणी सुटलं असेल तर सावरत नाही, आणि शिजलेल्या अंड्याचा गंधकाचा वासही जात नाही. ते टाकून नव्यानं करावं.

कुणी भीतीपोटी कॉर्नफ्लोअर घालतात. चालतं, पिठानं प्रथिनांना आधार मिळतो आणि मिश्रण उकळलं तरी फाटत नाही. मात्र मग ते खरोखर एक मिनिट उकळावंच लागतं. बलकात पीठ पचवणारं एक विकर असतं. उकळी न आणता उतरवलं तर ते जिवंत राहतं आणि रात्रभर फ्रिजमध्ये काम करत बसतं. संध्याकाळी दाट झालेलं कस्टर्ड सकाळी पाण्यासारखं होतं ते यामुळे. पुष्कळदा दोष दुधाला दिला जातो.

शिजलेलं मिश्रण लगेच गाळावं, परातीत बर्फ आणि पाणी घेऊन त्यात पातेलं ठेवून ढवळत गार करावं, आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊ द्यावं. झाकण घट्ट, कारण दूध आणि बलक दोन्ही कांदा-लसणाचा वास पटकन धरतात. चव रात्रभरानंतर जुळून येते. मद्य घालायचं ते पूर्ण गार झाल्यावर आणि ढवळत, धारेनं. गरम असताना घातलं तर सुगंध वाफेबरोबर जातो आणि बलक कडक होण्याची भीती असते. वाईन तर एगनॉगमध्ये घालूच नये असं आमचं मत. तिच्या आंबटपणानं दूध फाटतं आणि पॉसेट होतं.

पारंपरिक अमेरिकन कृतीत अंड्याचं पांढरं फेसून शेवटी अलगद मिसळतात, त्यानं पेय ढगासारखं हलकं होतं. तो फेस हवा असेल तर तोही शिजवता येतो. वरच्या साखरेतली 50 ग्रॅम बाजूला ठेवावी, दोन अंड्यांचं पांढरं त्या साखरेबरोबर वाडग्यात घ्यावं, वाडगा उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरून सतत ढवळत 71 अंशांपर्यंत न्यावं, मग खाली उतरवून शुभ्र आणि घट्ट होईपर्यंत फेटावं. हा फेस वाढण्याच्या वेळीच मिसळावा. आधी मिसळला तर तासाभरात वर पांढरा थर आणि खाली पाणी अशी फारकत होते. वाडग्याला तुपाचं बोट जरी लागलेलं असेल तरी पांढरं फुगत नाही, बलकाचा थेंब पडला तरी तेच.

'रमनं जंतू मरतात, मग शिजवायचं कशाला?' हा प्रश्न येतो, त्याला आकड्यांत उत्तर आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात स्ट्रेप्टोकोकस जंतूंच्या थोर अभ्यासक रिबेका लान्सफील्ड यांची कच्च्या अंड्यांच्या एगनॉगची कृती त्यांच्यानंतरही चालत आली. तिथल्याच प्रयोगशाळेत त्या एगनॉगमध्ये मुद्दाम साल्मोनेला घालून पाहिलं गेलं. आठवड्यानं जंतू अजून होते, तीन आठवड्यांनी नव्हते. पण त्या मिश्रणात मद्यार्क सुमारे 20 टक्के होता आणि ते सगळा काळ फ्रिजमध्ये होतं. आपल्या वरच्या प्रमाणात 42.8 टक्क्यांची 90 मिलिलिटर रम पडली की मद्यार्क चार टक्क्यांच्या जरा वर येतो, म्हणजे बिअरइतका. 20 टक्के गाठायचे तर तेवढ्याच मिश्रणात जवळपास 700 मिलिलिटर रम ओतावी लागेल आणि तीन आठवडे थांबावं लागेल. पुरवणीतली कृती 'दोन तास गार करा' म्हणते. त्या दोन तासांत चार टक्के मद्यार्क जंतूंचं काही बिघडवत नाही.

कच्च्या अंड्यानं 'ताकद' येते हीही समजूत मागे उभी असते, तालमीपासून बाळंतिणीपर्यंत. बेल्जियममध्ये झालेल्या मोजणीत शिजलेल्या अंड्यातली सुमारे 91 टक्के प्रथिनं अंगी लागली, कच्च्यातली सुमारे 51 टक्के. ताकदीसाठीही शिजवलेलंच बरं.

दुधाबाबत आपली बाजू भक्कम आहे, ती पाककृतींत कुणी सांगत नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या एगनॉगला कायद्यानं किमान 6 टक्के दुधाचा स्निग्धांश आणि किमान 1 टक्का बलकाचे घनपदार्थ लागतात. आपलं पिशवीतलं फुल क्रीम दूध मुळातच 6 टक्क्यांचं असतं, म्हशीचं सुटं दूध त्याच्याही पुढे. म्हणून परदेशी कृतीतली 'हेवी क्रीम' शोधत बाजार पालथा घालायची गरज नाही. खोक्यातली 25 टक्क्यांची क्रीम पुरते, फक्त ती फेटून फुगेल अशी अपेक्षा ठेवू नये. फुगायला 30 टक्क्यांच्या वर लागतात. घरची साय मात्र टाळावी. ती तापलेली, जमलेली असते, कस्टर्डमध्ये विरघळत नाही, आणि मिक्सरमध्ये फिरवली तर लोण्याचे कण तरंगतात. दुसरा आकडाही बघण्यासारखा आहे. एक टक्का बलकाचे घनपदार्थ म्हणजे लिटरभर पेयाला जेमतेम सव्वा बलक. घरच्या कृतीत त्याच्या पाचपट पडतो. अमेरिकेत खोक्यातल्या एगनॉगला डिंक वगैरे घालून दाटपणा आणतात तो या कमतरतेमुळेच.

मुलांकडे अमेरिकेला गेलेल्या आईवडिलांसाठी यातच एक सूचना. तिथे दुकानात दुधाच्या फडताळात ठेवलेलं एगनॉग बहुधा बिनमद्याचं आणि पाश्चराइज केलेलं असतं, पण त्यात अंडं असतं, आणि आपल्यासारखी हिरवी-तपकिरी खूण तिथल्या खोक्यावर नसते. अंडं वर्ज्य असेल त्यांनी घटकांची यादी वाचूनच पेला घ्यावा.

आपल्याकडे बऱ्याच वर्षी नाताळच्या आसपास मार्गशीर्ष असतो आणि पुष्कळ घरांत महिनाभर अंडं येत नाही. त्यासाठी 'एगलेस एगनॉग' छापलं जातं. पेय चांगलं होतं, नाव चुकीचं आहे. कस्टर्ड पावडर म्हणजे रंग आणि व्हॅनिला घातलेलं मक्याचं पीठ. 1837 मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी ती काढली तीच मुळी पत्नीला अंडं सोसत नव्हतं म्हणून. अर्धा लिटर दुधाला एक सपाट मोठा चमचा पावडर थंड दुधात कालवून घालावी, दोन मिनिटं उकळू द्यावी, साखर, जायफळ आणि केशर घालून गार करावं, आणि त्याला सरळ कस्टर्ड दूध म्हणावं. जायफळ-केशराचं आपलं मसाला दूध तर यापेक्षा सरस आहे.

जायफळाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण एगनॉगचा गंध तोच आहे. ते बियांच्या रूपात घ्यावं आणि ऐन वेळी बारीक किसणीवर किसावं. तयार पूड महिन्याभरात लाकडाच्या भुशासारखी होते. एकेकाळी जगाला ते फक्त इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरून मिळे. आता ते कोकणातल्या नारळ-सुपारीच्या बागांत आंतरपीक म्हणून होतं, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठानं 'कोकण सुगंधा' आणि 'कोकण स्वाद' या जाती दिल्या आहेत. श्रीखंडाला, पुरणाला जेवढं लागतं तेवढंच इथे. अख्खं जायफळ साधारण पाच ग्रॅमचं असतं, आणि तेवढं एकट्याच्या पोटात गेलं तर भोवळ, धडधड, भ्रम होऊ शकतो. बाळगुटीत सहाणेवर एक-दोन वळसेच उगाळतात ते उगाच नव्हे.

'गोव्याचं पारंपरिक एगनॉग' असंही अधूनमधून छापून येतं. गोव्यात नाताळला घरोघरी कुसवार वाटतात: नेवऱ्या, कुलकुल, दोदोल, बिबिंक. सणाचे बलक तिथे बिबिंकाच्या थरांत जातात, पेल्यात नाही. मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत मसाल्यांत उकळलेलं गरम खिमाड असतं, त्यातही अंडं नाही. परंपरा लिहायची तर ही लिहावी, यांना स्वतःची नावं आहेत. एगनॉगचे खरे भाऊबंद दुसरीकडे आहेत: मेक्सिकोचं रोम्पोपे, पोर्तो रिकोचं नारळाच्या दुधातलं कोकितो, आणि हॉलंडचं अद्वोकाट, जे इतकं दाट असतं की चमच्यानं खातात.

वाढण्याबाबत एक शेवटचं. व्हर्जिनियातला तो वाडगा गारठलेल्या दिवाणखान्यात मांडलेला असे. मुंबईत पंचवीस डिसेंबरच्या दुपारी पारा तिशीत असतो. वाडगा मेजावर ठेवायचा तर बर्फाच्या परातीतच, तासाभरापुरता. एरवी बाटलीत भरून फ्रिजमध्ये, आणि लागेल तसं ओतावं. शिजवलेलं एगनॉग 4 अंशांवर दोन-तीन दिवस चांगलं राहतं. मद्य सगळ्या पातेल्यात न घालता पेल्या-पेल्यात वेगळं घालावं, पेल्याला दोन छोटे चमचे, म्हणजे मुलांचा आणि न घेणाऱ्यांचा पेला आपोआप बाजूला राहतो. महाराष्ट्रात रम-ब्रँडीसाठी वयाची अट 25 वर्षांची आहे आणि परवानाही लागतो. कृतीखाली ही ओळ असलीच पाहिजे.

जागेअभावी सगळं छापणं जमणार नाही, याची कल्पना आहे. तीन ओळींचीच चौकट द्यायची असेल, तर 'सहा अंडी'च्या जागी 'सहा बलक' लिहावं, 'थंड दूध' गाळावं आणि 'फेटा' या शब्दानंतर एवढंच घालावं: 'गरम दुधात थोडं थोडं मिसळून, सतत ढवळत 71 अंशांच्या वर, पण उकळू न देता शिजवा, कालथ्यावर बोटाची रेघ टिकली की उतरवून गाळा.' उरलेल्या सहा अंड्यांच्या पांढऱ्याचं काय करायचं हे वाचक विचारतीलच. ते झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस राहतं. दुसऱ्या दिवशी कांदा-मिरची-कोथिंबीर घालून त्याचं ऑम्लेट करावं, किंवा तीनशे ग्रॅम साखरेबरोबर फेटून 100 अंशांच्या ओव्हनमध्ये दीड-दोन तास वाळवून कुरकुरीत मेरँग करावेत.

कळावे,
आपले,
पाककला शिकवणारे काही वाचक, पुणे